मुलगा परदेशी, जामीनदार दांडिया बाजारात

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण, किंचित संक्षेप करून)



मी वक्ता नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. आज वीस वर्षांहून अधिक काळ झाला, त्यातली निम्मी वर्षे कर्जविभागात गेली. त्यामुळे लग्नात, मुंजीत, गणपतीची आरती झाल्यावर हातात प्रसाद घेऊन लोक मला बाजूला घेतात आणि हळूच एकच प्रश्न विचारतात : "काय हो, मुलगा तिकडे गेल्यावर बँक काय करू शकते?" विचारणारा कधीच स्वतःबद्दल विचारत नाही. तो नेहमी 'आमच्या एका मित्राच्या मुलाचं' असतं! अशा मित्रांची संख्या आता इतकी वाढली आहे की कार्यवाहांनी मला सांगितले, एकदा सर्वांसमोरच बोलून टाका.

आपली बहुतेक घरे गायकवाडीत चाकरीसाठी आली. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी चाकरी सुटली नाही. कोणी सचिवालयात गेले, कोणी अलेंबिकमध्ये, कोणी रिफायनरीत, कोणी शाळेत. कर्ज काढणे हे आपल्याकडे फार मोठेपणाचे मानत नसत. घर बांधायला आणि मुलीच्या लग्नाला, एवढेच. आता तिसरे कारण आले आहे आणि ते पहिल्या दोहोंपेक्षा मोठे आहे. मुलाला कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला किंवा इंग्लंडला पाठवायचे. शेजारची पटेल मंडळी तीन पिढ्या हे करीत आली आहेत, त्यांचे तिकडे मामा-काका बसलेले असतात. आपला मुलगा जातो तेव्हा तिकडे त्याचे कोणी नसते, आणि इकडे असते ते कर्ज.

आता त्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. कर्ज बाकी असताना परदेशी जाणे हा गुन्हा नाही. हप्ते चालू असतील तर कोणी अडवतही नाही. शैक्षणिक कर्ज तर मुळी जाण्यासाठीच दिलेले असते. हप्ते थकले तरीही निव्वळ थकले म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. ज्याच्याजवळ खरोखरच पैसा नाही त्याला केवळ हुकूमनामा थकला म्हणून कैद करता येणार नाही.

विमानतळावर थांबवण्याचेही तसेच. २०१८ साली केंद्राने सरकारी बँकांच्या प्रमुखांना 'लुक आउट सर्क्युलर' काढण्याची विनंती करण्याचा अधिकार दिला होता. त्याचा बराच बोलबाला झाला आणि लोक घाबरले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अधिकार घटनाबाह्य ठरवला व बँकांच्या सांगण्यावरून निघालेली सर्क्युलरे रद्द केली. परदेशी जाण्याचा हक्क हा जगण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, हे मनेका गांधी खटल्यापासून, म्हणजे १९७८ पासून ठरलेले आहे. वसुली करणाऱ्या बँकेने तो परभारे काढून घेऊ नये, असा त्या निकालाचा आशय. एखाद्या न्यायालयाने स्वतः आदेश देऊन कोणाला रोखले असेल तर गोष्ट वेगळी.

हे ऐकून दोन-चार चेहरे खुलले, ते मला इथून दिसले. थोडे थांबा.

पहिली गोष्ट, हप्त्यासाठी चेक दिलेला असेल आणि तो परत गेला तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ लागते, आणि ते फौजदारी आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची जी सोय असते तिच्यातही पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचे कलम २५ तशीच शिक्षा सांगते. फौजदारी खटला चालू असला की पासपोर्टच्या नूतनीकरणात अडचण येते. मुलगा टोरांटोत आणि समन्स इथल्या जुन्या पत्त्यावर, असे घडते.

दुसरी गोष्ट मुदतीची. "तीन वर्षे गेली की कर्ज बुडते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते एखाद्या व्रतकथेत असावे असे वाटू लागले आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, हे खरे. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे कलम १५, पोटकलम ५ कोणी वाचत नाही. प्रतिवादी भारताबाहेर असेल तेवढा काळ त्या मुदतीत धरलाच जात नाही. म्हणजे जो माणूस काळ जावा म्हणून बाहेर बसला आहे, त्याच्यापुरता काळ थांबलेला असतो. शिवाय गहाणावरच्या दाव्याला बारा वर्षे असतात आणि एकदा हुकूमनामा मिळाला की त्याच्या अंमलबजावणीलाही बारा वर्षे.

तो हुकूमनामा तिकडे चालतो का, हेही विचारतात. देशादेशांत फरक आहे. इंग्लंडशी आपला परस्पर व्यवहार आहे, इथला हुकूमनामा तिथे नोंदवता येतो. विजय मल्ल्यांच्या बाबतीत बंगळूरच्या ऋण वसुली न्यायाधिकरणाचा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयात असाच नोंदवला गेला. अमेरिका व कॅनडाशी अशी सोय नाही, तिथे बँकेला नव्याने दावा लावावा लागेल. पंधरा-वीस लाखांसाठी कोणती बँक कॅनडात वकील लावते? मी तरी अजून पाहिलेली नाही.

ती वकील लावत नाही, कारण तिला तशी गरजच पडत नाही. आणि आज मी बोलायला उभा राहिलो तो यासाठी.

कर्जाच्या कागदावर मुलाच्या सहीखाली आणखी एक सही असते. वडिलांची सहकर्जदार म्हणून, नाहीतर काकांची, मामांची, आतेभावाची जामीनदार म्हणून. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ अवघे एका वाक्याचे आहे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे ठरले नसेल तर. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, तो देत नसेल तर माझ्याकडे या' असे जामीनदाराला म्हणता येत नाही. १९६८ मध्ये बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागायला लावले तर जामीन घेण्याचा हेतूच नष्ट होईल. आपल्याकडे मात्र जामीन राहणे म्हणजे ओळख देणे, असा समज आहे. "अहो, नुसती सही आहे" असे म्हणतात. बँकेत नुसती सही नावाची वस्तू नसते.

एक उदाहरण सांगतो. नाव, गाव, बँक काही सांगणार नाही, आणि बँक माझी नव्हे. निवृत्त शिक्षक, वय तेव्हा एकाहत्तर. थोरले भाऊ लवकर गेले, म्हणून पुतण्याला यांनीच वाढवले. २०१६ मध्ये तो कॅनडाला निघाला. कर्ज अठरा लाखांचे, आणि साडेसात लाखांच्या वर तारण लागते म्हणून काकांचा फ्लॅट गहाण. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वरचे एक वर्ष हप्ता नव्हता, पण व्याज चालूच होते. ११ टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज धरा, अठराचे चोवीस लाख होतात. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता साधारण ३३ हजार. सही करतेवेळी हा आकडा काकांना कोणी मांडून दाखवला नव्हता. त्यांच्या डोक्यात अठराच होते.

पुतण्याने २०१९ पासून हप्ते भरले. कोरोनात सहा महिन्यांची सवलत मिळाली, मग पुन्हा भरले. जुलै २०२१ पासून बंद. नोकरी गेली होती. ते त्याने कोणालाही सांगितले नाही. बँकेला नाही, काकांना नाही. दर रविवारी फोन यायचा, तो पंधरवड्याने येऊ लागला. मग नंबर बदलला.

नव्वद दिवस हप्ता थकला की खाते एन.पी.ए. होते, आणि तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस निघते. न्यायालयाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही. ही नोटीस काकांना जानेवारी २०२२ मध्ये आली. संपूर्ण इंग्रजी, सहा पाने. त्यांनी ती इतर टपालाबरोबर टेबलावर ठेवून दिली. बँकेकडून आलेली जाहिरात असेल, असे त्यांना वाटले. माझ्याकडे ती आणली तेव्हा एक्केचाळीस दिवस उलटले होते. तोपर्यंत एकही हप्ता चुकल्याचे त्यांना कोणी कळवलेले नव्हते. सात महिने! थकलेले होते अडीच लाखांच्या घरातले, आणि नोटिशीत मागणी होती पूर्ण चोवीस लाखांची.

काका मला म्हणाले, "अरे, तो फसवणारा मुलगा नाही." मी म्हटले, "काका, नसेलही. पण नोटिशीला ते कळत नाही."

मुलगा शेवटी त्याच्या एका मित्रामार्फत सापडला. एका तळघरातल्या खोलीत चौघेजण राहत होते. लाज वाटली म्हणून गप्प बसलो, म्हणाला. मी त्याच्याशी फोनवर हिशेब केला. ३३ हजार म्हणजे तेव्हाचे सुमारे ५६० डॉलर. जानेवारी २०२२ मध्ये ओंटारिओत किमान मजुरी ताशी १५ डॉलर होती. म्हणजे महिन्यातले सदतीस-अडतीस तास, जवळजवळ एका आठवड्याचे काम. तिकडची भाडी पाहता ते सोपे नाही, हे मला मान्य आहे. पण इकडे तोच हप्ता काकांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता. त्या मुलाने हे दोन आकडे शेजारी शेजारी कधी ठेवून पाहिलेच नव्हते.

आम्ही नोटिशीला लेखी उत्तर दिले. असे उत्तर आले की बँकेला पंधरा दिवसांत त्याचे उत्तर देणे भाग असते. चुलत भावंडांनी मिळून थकलेली रक्कम उभी केली, मुलाने ई-मेलवर हमी दिली आणि बँकेने मुदत वाढवून हप्ता तीस हजारांच्या आसपास आणला. घर वाचले. वीस हजार मुलगा पाठवतो आणि दहा हजार आजही काका भरतात. कर्ज २०३४ मध्ये फिटेल. तेव्हा काका त्र्याऐंशी वर्षांचे असतील.

कायदा म्हणतो, जामीनदाराने पैसे भरले तर ते मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. कलमे १४० आणि १४५. बरोबर आहे. पण पुतण्यावर दावा लावणारा काका आपल्या समाजात कोणी पाहिला आहे का?

यात एक उलटापालट झाली आहे, ती मला नेहमी जाणवते. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात बापाचे ऋण मुलाने फेडणे हे पुण्यकर्तव्य होते आणि इंग्रजी अमदानीपासून न्यायालयेही ते मानीत. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने ते बंधन गेले. केवळ पुण्यकर्तव्य म्हणून मुलावर, नातवावर बापाच्या कर्जासाठी कारवाई करता येत नाही. मुलगा सुटला, चांगले झाले. पण त्याच काळात मुलाच्या कर्जात बाप, काका, मामा सह्या करून अडकू लागले. आणि जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुदलाच्या वर जात नसे. तो नियम बँकेला लागू नाही.

परदेशी शिक्षणाचा करार या शहराला नवा नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हाही करार झाला होता. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते तो करार पाळायला बडोद्यात आले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि शहर सोडावे लागले. कामाटीबागेतली संकल्पभूमी त्याचीच खूण आहे. करार मोडला तो येणाऱ्याने मोडला नव्हता. आपल्यापैकी ज्यांची घरे तेव्हा या शहरात होती, त्यांनी 'आजची मुले करार पाळत नाहीत' असे म्हणताना हे आठवावे. असो, विषय वेगळा आहे.

आता थोडे राजकारण, कारण आपले पत्रक त्यासाठीच आहे. पळून गेलेल्या आर्थिक गुन्हेगारांचा कायदा २०१८ मध्ये झाला. तो शंभर कोटी आणि त्यावरच्या प्रकरणांना लागतो. मल्ल्या २ मार्च २०१६ ला देश सोडून गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये या कायद्याखाली फरारी ठरले. आपल्याच शहरातल्या स्टर्लिंग बायोटेकचे संदेसरा बंधू सप्टेंबर २०२० मध्ये फरारी घोषित झाले. त्यांच्या बाबतीत नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५,१०० कोटी रुपये भरण्याच्या अटीवर फौजदारी कारवाया संपवण्याची तयारी दाखवली. बँकांचा पैसा परत येत असेल तर त्यात वाईट काही नाही, असे म्हणता येईल. मी बँकेतला माणूस आहे, मलाही पैसा परत आलेला आवडतो. पण मग तोच हिशेबी उदारपणा अठरा लाखांच्या कर्जाला का नाही? ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने जाणूनबुजून कर्ज थकवणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करायला बँकांना मोकळीक दिली. काकांना तडजोडीचा अर्ज करता येतो, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. नोटीस दिली, तीही त्यांना न समजणाऱ्या भाषेत.

म्हणून मंडळाने यंदा मते मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे, तो कोणत्याही पक्षाचा असो, तीन मागण्या लेखी ठेवाव्यात असे मी सुचवतो. पहिला हप्ता चुकला की जामीनदाराला त्याच महिन्यात कळवणे बँकांना सक्तीचे व्हावे. जामीनदाराला जाणारी प्रत्येक नोटीस इंग्रजीबरोबर गुजरातीत आणि त्याने मागितली तर मराठीत मिळावी. भाषिक अल्पसंख्याक म्हणून आपण पाट्यांसाठी भांडलो, यासाठी भांडणे त्याहून उपयोगाचे आहे. आणि सही घेण्यापूर्वी हप्ता सुरू होईल त्या दिवशीची पूर्ण रक्कम जामीनदाराला कागदावर दाखवावी. मागण्या लहान आहेत. त्यांना पैसाही लागत नाही, म्हणून त्या कोणाच्या जाहीरनाम्यात येत नसाव्यात.

जाणाऱ्या मुलांसाठी थोडे. आपले बचत खाते एन.आर.ओ. करून घ्या आणि त्यातून हप्ता जाईल अशी व्यवस्था लावा. आई-वडिलांपैकी एकाला कुलमुखत्यारपत्र द्या, पण ते नीट वाचून द्या. बँकेकडे तिकडचा पत्ता आणि ई-मेल नोंदवा, लपवू नका. नोकरी गेली तर पहिला ई-मेल बँकेला करा. हप्ता थकण्यापूर्वी मुदत वाढवून मागणाऱ्याला बँक जेवढी ऐकते तेवढी नंतर ऐकत नाही. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज जाण्यापूर्वी बंद करा. जाण्याच्या आठवड्यात कार्ड रिकामे करून जायचे, असे सल्ले देणारे लोक आहेत. परत न देण्याच्या इराद्याने कर्ज घेणे ही फसवणूक ठरते, आणि तिथे मघाशी सांगितलेले जॉली जॉर्ज कामाला येणार नाहीत. पालकांनो, व्याजावर आयकरात कलम ८० ई खाली आठ वर्षे सूट मिळत आलेली आहे, तिची चौकशी करा. आणि कर्ज फिटल्यावर गहाणाचे कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत. १ डिसेंबर २०२३ पासून उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे, हे शाखेत नम्रपणे सांगा. आम्हाला आठवण करून दिलेली चालते.

ज्यांनी कोणासाठी सही केली आहे त्यांनी उद्याच शाखेत जाऊन खात्याचा उतारा मागावा. जामीनदार म्हणून तुम्हाला तो विचारण्याचा संकोच वाटायला नको.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या कार्यालयात बसेन. कर्जाचा करार, मंजुरीपत्र आणि आलेली असेल तर नोटीस घेऊन या. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. आणि कृपया 'मित्राच्या मुलाचं आहे' असे सांगू नका, त्यात अर्धा तास जातो.